एकसारख्या रिअॅक्टरांत भलताच तळाचा व्हॉल्व्ह उघडण्याचा धोका: दुसऱ्या सहीला किती क्रेडिट द्यावं?

बॅच_प्रोसेस

बॅच प्लांटच्या हॅझॉपमधला (धोके शोधायच्या टीम-अभ्यासातला) एक मुद्दा अडला आहे. आठ रिअॅक्टर, चार-चारच्या दोन ओळी, सगळे एकाच मापाचे. चार्जिंग आणि मॅनहोल वरच्या मजल्यावर, तळाचे व्हॉल्व्ह आणि ड्रेन खालच्या मजल्यावर. बॅच संपली की रिअॅक्टर वरून जेटने धुतात. मग ऑपरेटर खाली उतरतो आणि तळाचा व्हॉल्व्ह व ड्रेन उघडून धुण्याचं पाणी सोडतो. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या रिअॅक्टरमध्ये ज्वलनशील मोनोमर (प्लास्टिकचा कच्चा माल) ८ बार दाबाखाली असू शकतो. वर्षाला साधारण १००० वेळा हे धुण्याचं काम होतं.

सध्याची संरक्षणं अशी: प्रशिक्षण, दोन सह्यांची चेकलिस्ट, आणि दाब ०.५ बारच्या वर असेल तर तळाचा व्हॉल्व्ह उघडू न देणारा इंटरलॉक. आणीबाणीत माल दुसऱ्या रिअॅक्टरमध्ये वळवता यावा म्हणून या इंटरलॉकला बायपास ठेवला आहे. शिवाय पॅनेलवर दाब घसरल्याचा अलार्म आहे.

कोणत्या संरक्षणाने धोका किती घटतो (म्हणजे त्याला किती 'क्रेडिट'), याचा टीममधला एक हिशेब असा मांडला गेला: ऑपरेटर चुकण्याची शक्यता ०.०१, दुसरी सही करणारा चुकण्याची ०.०१, अलार्म उपयोगी न पडण्याची ०.१. गुणाकार केला की जोखीम मॅट्रिक्सच्या हिरव्या चौकटीत बसते. मला हे पटत नाही, पण नेमकं कुठे चुकतंय ते आकड्यांत दाखवता येत नाही. आणि 'ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण' याच्या पलीकडे उपाय काय लिहावेत?

---

आकडेमोड

चूक गुणाकारातच आहे. ०.०१ × ०.०१ तेव्हाच करता येतं, जेव्हा दोन्ही माणसं खरोखर स्वतंत्र असतात. एकाच पाळीतली, एकाच व्हॉल्व्हसमोर उभी असलेली, 'झालं ना? कर सही' म्हणणारी दोन माणसं स्वतंत्र नसतात.

माणसाच्या चुकीची शक्यता मोजणाऱ्या थर्प (THERP) या १९८३ च्या पद्धतीत यासाठी सरळ सूत्रं आहेत. तपासणाऱ्याची स्वतःची चुकण्याची शक्यता 'न' या अक्षराने दाखवली, तर पहिला चुकल्यावर तोही चुकण्याची शक्यता अशी निघते:

कमी अवलंबन: (१ + १९न) ÷ २०
मध्यम अवलंबन: (१ + ६न) ÷ ७
जास्त अवलंबन: (१ + न) ÷ २

न = ०.०१ घातलं की अनुक्रमे ०.०६, ०.१५ आणि ०.५ च्या आसपास उत्तर येतं. तुमच्या चेकलिस्टला 'जास्त' हीच पायरी लागते. म्हणजे दुसऱ्या सहीने शंभर पटींची नाही, जेमतेम दुप्पट सुधारणा होते. १००० वेळा × ०.०१ × ०.५ = वर्षाला ५ वेळा कुणीतरी भलत्या रिअॅक्टरचा व्हॉल्व्ह उघडायला जाणार. हे भाकीत नव्हे, पण संकटाचा आकार किती ते यावरून कळतं.

आता दुसरी गंमत बघा. जागेवरचा व्हॉल्व्ह निवडताना होणाऱ्या चुकीला त्याच पद्धतीत वेगवेगळे आकडे आहेत. लेबल अस्पष्ट आणि शेजारी हुबेहूब तसेच व्हॉल्व्ह असतील तर ०.०१. लेबल नि:संदिग्ध असेल आणि शेजारच्यांशी साम्य एखाद्याच बाबतीत उरलं असेल तर ०.००३. लेबल नि:संदिग्ध आणि व्हॉल्व्ह इतरांपासून वेगळा उठून दिसणारा असेल तर ०.००१. म्हणजे दुसरी सही अजिबात नसली तरी नुसत्या ओळखीच्या सुधारणेने वर्षाला ५ चे ३ होतात, आणि मांडणीही वेगळी करता आली तर १. सहीपेक्षा पाटी आणि रंग जास्त काम करतात, हे मीटिंगमध्ये आकड्यांनीच दाखवा.

अलार्मचे ०.१ तर इथे मिळतच नाहीत. अलार्म वाजल्यावर माणसाला बघायला, समजायला आणि कृती करायला वेळ हवा; अभ्यासांमध्ये किमान १० मिनिटांची अट सर्रास धरतात. ८ बारचा व्हॉल्व्ह उघडल्यावर वायूचा ढग काही मिनिटांत खालचा मजला भरतो. अलार्म वाजेल, पण तोवर करण्यासारखं फार थोडं उरलेलं असेल. क्रेडिट शून्य.

---

इंटरलॉक_आणि_किल्ली

वरच्या हिशेबाशी सहमत. पण खरा मुद्दा बायपास आहे, त्याकडे नीट बघा.

तुमच्या मांडणीसारखाच अपघात घडून गेलेला आहे. २३ एप्रिल २००४, अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या इलियोपोलिसचा फॉर्मोसा प्लास्टिक्सचा पीव्हीसी कारखाना. धुतलेला रिअॅक्टर रिकामा करायला ऑपरेटर खाली उतरला आणि चार रिअॅक्टरांच्या भलत्या गटाकडे वळला. समोर आलेला रिअॅक्टर चालू होता. ड्रेन उघडला, तळाचा व्हॉल्व्ह मात्र उघडेना, कारण आत दाब होता आणि इंटरलॉकने आपलं काम केलं होतं. आणीबाणीसाठी ठेवलेला हवेचा होज तिथे हाताशी होता. तो व्हॉल्व्हला जोडला, व्हॉल्व्ह उघडला, व्हिनाइल क्लोराइड बाहेर आलं आणि स्फोट झाला. ५ कामगार गेले. खालच्या मजल्यावर रिअॅक्टरची स्थिती दाखवणारं काहीही नव्हतं.

हा क्रम पुन्हा वाचा. आपण रिकाम्या रिअॅक्टरसमोर उभे आहोत, अशी त्या माणसाची पक्की समजूत आहे. त्या समजुतीत न उघडणारा व्हॉल्व्ह म्हणजे धोक्याची सूचना नसते; व्हॉल्व्ह बिघडलाय, असाच त्याचा अर्थ लागतो. बायपास करणं त्याच्या दृष्टीने दुरुस्ती असते. म्हणून पहिली चूक आणि बायपास या दोन वेगळ्या घटना धरताच येत नाहीत. एकाच चुकीच्या समजुतीतून दोन्ही निघतात. बायपास खालच्या मजल्यावर हाताशी असेपर्यंत त्या इंटरलॉकला या घटनेपुरतं मी काहीही क्रेडिट देणार नाही.

काय लिहावं:

१. बायपास त्या जागेवरून हलवा. आणीबाणीतला माल वळवायचाच असेल तर ते पॅनेलवरून करा, आणि पडद्यावर त्या रिअॅक्टरचा दाब दिसत असतानाच. हवेचा होज ठेवावाच लागला तर त्याची कपलिंग प्लांटच्या नेहमीच्या हवेच्या कपलिंगपेक्षा वेगळ्या मापाची घ्या आणि तो कुलपात ठेवा. 'वरिष्ठांची परवानगी घ्यावी' एवढीच ओळ लिहाल तर ती कागदावरच राहील.

२. ड्रेन फक्त धुण्याच्या वेळी लागतो. म्हणजे तिथे ट्रॅप्ड-की इंटरलॉक चपखल बसतो. ड्रेनची किल्ली त्याच रिअॅक्टरच्या मॅनहोलच्या झाकणाच्या कुलपात अडकलेली असते. झाकण पूर्ण उघडल्याशिवाय ती सुटतच नाही. दाबाखालच्या रिअॅक्टरचं झाकण उघडणार नाही, म्हणजे त्याची किल्ली कुणाच्या हातातच येणार नाही. वरच्या मजल्यावरून किल्ली खाली आणावी लागते, त्यामुळे कोणता रिअॅक्टर याचा निर्णय वरच होतो. खाली आठवणीवर काही सोडलेलं नसतं.

यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, सगळ्या कुलपांना एकच कोड मागवला जातो, म्हणून तीनची किल्ली सातला लागते आणि सगळी योजना वाया जाते. ऑर्डरमध्ये प्रत्येक रिअॅक्टरला स्वतंत्र कोड स्पष्ट लिहा, आणि बसवल्यावर प्रत्येक किल्ली उरलेल्या सातही ड्रेनला लावून पाहा. लागता कामा नये. दुसरी, जादा किल्ल्यांचा जुडगा शिफ्ट इनचार्जच्या खणात जातो. पहिली किल्ली अडकली की तोच बाहेर येतो. जादा किल्ल्या सीलबंद पेटीत, नोंदवहीसह, आणि पाळीच्या आवाक्याबाहेर.

३. प्रत्येक तळाच्या व्हॉल्व्हजवळ त्याच रिअॅक्टरचा प्रेशर गेज, डोळ्यांच्या उंचीवर. सगळ्यांत स्वस्त उपाय हाच, आणि तोच बहुतेक ठिकाणी राहून जातो. गेज इंटरलॉकच्या ट्रान्समीटरपासून वेगळ्या टॅपिंगवर घ्या, म्हणजे एक टॅपिंग चोक झालं तरी दुसरं खरं बोलेल.

---

फील्ड_पाळी

वरचं सगळं बरोबर आहे. पाट्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण 'लेबल लावा' एवढं लिहिलं की पाटी हमखास चुकीच्या जागी लागते.

इन्सुलेशनच्या पत्र्यावर पाटी लावू नका. मेंटेनन्सला पत्रा उतरतो आणि परत बसवताना आर-३ चा पत्रा आर-४ वर चढतो. व्हॉल्व्हच्या काढता येणाऱ्या भागावरही नको, व्हॉल्व्ह बदलला की पाटी त्याच्याबरोबर स्टोअरमध्ये जाते. पाटी स्ट्रक्चरवर पक्की करा. ऑपरेटर जिन्यावरून उतरून ज्या बाजूने येतो, त्या बाजूला तिचं तोंड हवं.

क्रम तपासा. पॅनेलच्या पडद्यावर रिअॅक्टर डावीकडून १, २, ३, ४ असे असतात. खाली उतरून व्हॉल्व्हकडे तोंड केलं की तेच रिअॅक्टर उजवीकडून डावीकडे मोजावे लागतात, आणि दुसऱ्या ओळीत पुन्हा उलटे. जिन्याच्या पायथ्याशी डोकं सर्वांत जास्त गोंधळतं. तिथे जमिनीवर रंगीत पट्टा काढा, एका गटाला एक रंग, आणि तोच रंग वरच्या मॅनहोलच्या कड्याला. नुसत्या रंगावर मात्र विसंबू नका, लाल-हिरवा न ओळखणारे लोक असतात. आकडा मोठा आणि आकार वेगळा असावा.

आणि ही तपासणी कॉन्फरन्स रूममध्ये ड्रॉइंग पसरून करू नका. रात्रपाळीत, पहाटे ३ च्या पुढे, संरक्षक पोशाख (पीपीई) घालून, टॉर्च घेऊन ऑपरेटरबरोबर उतरा. त्याला काम प्रत्यक्ष न करता पायरी-पायरीने बोलून दाखवायला सांगा: आता कुठे वळणार, कशावरून ओळखणार, व्हॉल्व्ह उघडला नाही तर काय करणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'होज लावतो' असं आलं, तर चिडू नका. तुमच्या हॅझॉपमधली सर्वांत मोलाची ओळ तीच आहे.

चेकलिस्ट ठेवायची असेल तर सही नको, वाचन हवं. 'योग्य व्हॉल्व्ह तपासला' याच्यापुढे टिक करायला डोकं लागत नाही. 'खालच्या गेजवरचा दाब: ____ बार' इथे जाऊन बघावंच लागतं. आणि वरचा माणूस तोच आकडा पॅनेलवर बघून रेडिओवर ताडून देईल, तर ती तपासणी बऱ्यापैकी स्वतंत्र होते, कारण त्याच्यासमोर माहिती दुसऱ्या वाटेने येते.

---

बॅच_प्रोसेस

मनापासून धन्यवाद. बायपास आणि मूळ चूक एकाच समजुतीतून येतात, हा धागा आमच्या नजरेतून पूर्ण सुटला होता. एक शंका: व्हॉल्व्ह उघडा की बंद हे पॅनेलवर दिसतं, मग खाली वेगळं दाखवायची गरज खरंच आहे का? आणि एवढं करूनही माल बाहेर आलाच तर?

---

इंटरलॉक_आणि_किल्ली

पॅनेलवर जे दिसतं ते नेमकं काय, ते आधी तपासा. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात १९७९ मध्ये दिवा व्हॉल्व्ह बंद दाखवत होता, प्रत्यक्षात बंद करण्याची आज्ञा गेली होती एवढंच. व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. तुमच्या पडद्यावरचं चित्र सोलेनॉइडच्या (व्हॉल्व्हला आज्ञा पोचवणाऱ्या विद्युत भागाच्या) आउटपुटवर रंग बदलत असेल तर तेही तसंच बोलतंय. स्टेमवरच्या (व्हॉल्व्हबरोबर प्रत्यक्ष हलणाऱ्या दांड्यावरच्या) लिमिट स्विचवरून फीडबॅक घ्या, आणि आज्ञा व फीडबॅक जुळले नाहीत तर ते वेगळं दिसू द्या. तरीही खालचा गेज लागेलच. व्हॉल्व्ह उघडणारा माणूस खाली आहे, पडदा वर आहे.

---

आकडेमोड

दुसऱ्या शंकेबद्दल: तळाचा व्हॉल्व्ह दुरून बंद करता यायला हवा, हवा गेली तर स्प्रिंगने आपोआप बंद होणारा. गॅस डिटेक्टर खालच्या मजल्यावर, जमिनीपासून फार वर नको. असे मोनोमर बहुधा हवेपेक्षा जड असतात. दोन डिटेक्टरांनी एकत्र पकडलं की व्हॉल्व्ह आणि वीज माणसाची वाट न पाहता ट्रिप.

आणि प्रक्रियेत एक वाक्य निर्विवाद लिहा: डिटेक्टर वाजला की खालच्या मजल्यावरचे सगळे बाहेर, व्हॉल्व्ह बंद करायला कुणीही आत जायचं नाही. इलियोपोलिसला गळती आटोक्यात आणायला लोक तिथेच थांबले होते. 'परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा' असं लिहाल तर चांगला ऑपरेटर नेमका व्हॉल्व्हकडेच धावेल. बाहेर जमायची जागा वाऱ्याच्या दोन दिशांसाठी दोन ठरवा, आणि सराव करताना त्यातली एक मुद्दाम बंद ठेवा.