मदत हवी आहे: मनांगहून थोरांग-लासाठी घोडा मिळेल का? (तातडीचं)

कातळवाट
मी आणि बायको नेपाळमध्ये अन्नपूर्णा सर्किटच्या ट्रेकवर आहोत, सध्या मनांगला. परवा पहाटे थोरांग-ला ही खिंड ओलांडून मुक्तिनाथला उतरायचं आहे. तिला चढ जड जातोय, डोकंही थोडं धरलंय. घोडा इथूनच ठरवावा की खिंडीच्या पायथ्याला, थोरांग फेदीला मिळतो? दर काय असतो, घासाघीस होते का? पोखऱ्याचं पुढचं बुकिंग झालेलं आहे, त्यामुळे दिवस वाढवता येणार नाही. लॉजचं वायफाय येतं-जातं, कृपया मुद्द्याचं लिहा.

उनाडपाऊल
मिळतो. मनांगलाही आणि फेदीलाही. लॉजवाल्याला सांगा, तो माणूस बोलावून घेईल. जितकं वर जाल तितका दर चढतो, म्हणून खालीच ठरवा. माथ्यापर्यंत की मुक्तिनाथपर्यंत, हे आधी बोलून घ्या. पलीकडच्या तीव्र उतारावर तसंही खाली उतरून चालावं लागतं.

रानवारा
थांबा जरा. मनांगला कधी पोचलात? आणि कसे?

कातळवाट
@उनाडपाऊल धन्यवाद. असंच उत्तर हवं होतं.
@रानवारा त्याचा घोड्याशी काय संबंध?

रानवारा
संबंध आहे. मनांग ३५४० मीटरवर आहे, थोरांग फेदी साधारण ४४५०. परवा पहाटे खिंड म्हणजे उद्या एका दमात फेदी, आणि रात्री तिथेच मुक्काम. लोक मध्ये याक खर्क किंवा लेदरला एक रात्र काढतात ते हौस म्हणून नाही. ३००० च्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा साधा नियम आहे. तुम्ही ९०० वाढवताय, आणि तेही डोकं धरलेलं असताना.

मुक्तछंद
मुक्तिनाथला जाताय, भाग्यवान आहात! १०८ धारांखाली सगळ्यांनी स्नान करा, पाणी बर्फासारखं असतं पण सोडू नका. वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांत (पवित्र विष्णुस्थानांत) हे स्थान येतं. जोमसोमकडे जाताना काली गंडकीच्या पात्रात शाळिग्राम शोधायला वेळ ठेवा.

गडबडगुंडा
गाइड आहे ना बरोबर? १ एप्रिल २०२३ पासून नेपाळमध्ये परदेशी ट्रेकर्सना गाइड सक्तीचा झाला आहे. नसेल तर चेकपोस्टवर अडकाल.

उनाडपाऊल
@गडबडगुंडा नियम कागदावर आहे हो. आम्ही त्यानंतर दोघंच जाऊन आलो. बेसीसहारला आणि धारापाणीला परमिट बघितलं, गाइडचं कोणी विचारलं नाही. सार्क देशांच्या लोकांना अन्नपूर्णाचं परमिट १००० नेपाळी रुपयांत मिळतं, तेवढं काढा आणि चला.

गडबडगुंडा
तुम्हाला विचारलं नाही म्हणजे नियम नाही असं होत नाही. आणि गाइड काय फक्त वाट दाखवायला असतो? २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये हुदहुद वादळाचं बर्फ याच खिंडीत कोसळलं आणि त्या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. हवामान बघून 'आज नाही' म्हणणारं कोणीतरी लागतं.

उनाडपाऊल
त्यात गाइडसुद्धा गेले होते. पण असो, धागा घोड्याचा आहे.

तिखटमीठ
धागा घोड्याचा नाही, वहिनींच्या डोक्याचा आहे. आणि त्यांचं स्वतःचं म्हणणं इथे अजून एका ओळीनेही आलेलं नाही. त्यांना जायचंय का परवा? विचारलंत?

जोडीने ट्रेकला गेलं की हे नेहमी होतं. एकाला त्रास होत असतो, पण दुसऱ्याचा बेत बिघडू नये म्हणून तो 'थोडंच दुखतंय' म्हणतो. दुसरा ते ऐकतो, कारण त्याला तेच ऐकायचं असतं. दहा जणांच्या ग्रुपमध्ये कोणीतरी तिऱ्हाईत चेहरा बघून ओळखतो. दोघांत तो तिऱ्हाईत नसतो. आमच्यात म्हणून ठरलेलं आहे: हळू चालणारा पुढे, वेगवान मागे, आणि रोज संध्याकाळी दोघांनी एकमेकांना विचारायचं, डोकं, जेवण, झोप, चक्कर. 'बरंय' हे उत्तर चालत नाही.

कातळवाट
एवढं काही नाही झालेलं. काल दुपारी बेसीसहारहून जीपने आलो, रस्ता भयंकर आहे, सगळेच हलून गेले. रात्री तिला एकदा उलटी झाली, ती जीपमुळे किंवा खाण्यातली असेल. सकाळी जेवली नाही फारसं. मी एकदम ठणठणीत आहे. आता घोड्याचा दर कोणी सांगेल का?

रानवारा
बेसीसहार ७६० मीटर. एका दिवसात २८०० मीटर वर. हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं.

गोळीबिळी
मी डॉक्टर आहे. इथे बसून निदान करणार नाही, पण ऐका. उंचीवर नव्याने गेलेल्या माणसाचं डोकं दुखत असेल आणि जोडीला मळमळ, भूक नसणं, थकवा किंवा चक्कर यांपैकी काही असेल, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास धरायचा. जीप आणि जेवण यांना नंतर दोष द्या.

घोडा पायांचे कष्ट वाचवतो, हवा दाट करत नाही. थोरांग-ला ५४१६ मीटरवर आहे, तिथे समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा प्राणवायू. उलट घोड्यावर बसलेला माणूस आणखी लवकर वर पोचतो.

मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. सीझनमध्ये तिथे डॉक्टर असतात आणि रोज दुपारी उंचीच्या त्रासावर माहितीही सांगतात. आत्ता उठा आणि दोघंही जा.

तोल जाणं, सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालता न येणं, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप, खोकल्यातून फेस, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली. रात्र असली तरी.

चहाटळ
लसणाचं सूप प्या. नेपाळमध्ये सगळे तेच देतात. आणि दिवसाला सहा लिटर पाणी. मला कधी काही झालं नाही.

गोळीबिळी
सूप गरम असतं, चवीला चांगलं असतं, प्या. त्याने उंचीचा त्रास टळत नाही. पाणी तहानेपुरतं आणि थोडं जास्त. सहा लिटर ढोसून काहीच साधत नाही, झालाच तर अपाय होईल. दारू आणि झोपेची गोळी मात्र अजिबात नको.

गडबडगुंडा
डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) सुरू करा की सरळ. १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ.

गोळीबिळी
तो आधीपासून घ्यायचा डोस आहे. त्रास सुरू झाल्यावरचं गणित वेगळं. शिवाय सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का, दुसरी औषधं चालू आहेत का, दिवस गेलेले असण्याची शक्यता आहे का, हे विचारल्याशिवाय गोळी सुचवू नका. दवाखाना पाच मिनिटांवर आहे.

चहाटळ
अवांतर: हेलिकॉप्टर बोलवा म्हणणाऱ्यांपासून सावध. गरज नसताना उडवून विम्याचे पैसे लाटण्याचे प्रकार झाले होते, २०१८ मध्ये नेपाळ सरकारने त्याची चौकशीही केली.

रानवारा
@चहाटळ हे खरं आहे, पण हे वाचून खरोखर गरज असलेला माणूस थांबला तर? मनांगहून खाली जीप जाते, बहुतेकांचं काम त्यातच भागतं. कातळवाट, गेलात का दवाखान्यात?

मुक्तछंद
मुक्तिनाथला पोखऱ्याकडूनही थेट गाडीने जाता येतं, खिंड चढायची गरजच नाही. आमचे आईवडील तसेच गेले.

तिखटमीठ
@मुक्तछंद इथलं पहिलं कामाचं वाक्य तुमचं निघालं :)

कातळवाट
नमस्कार, मी बायको. आयडी त्याचा आहे, तो बाहेर जीपवाल्याशी बोलतोय. दुपारी दवाखान्यात जाऊन आलो. सौम्य त्रास आहे, रेषेवर नीट चालता आलं. डोकं पूर्ण उतरेपर्यंत वर पाऊल टाकायचं नाही, वाढलं तर खाली जा, असं सांगितलं. त्याच्या बोटाला यंत्र लावलं तर त्याचा प्राणवायू माझ्यापेक्षा कमी निघाला. तेव्हापासून घोड्याचा विषय निघालेला नाही.

मला खिंडीचं काही नव्हतंच. मला गावं बघायची होती, आणि ती सगळी जीपच्या खिडकीतून गेली. आता आमचा विचार असा आहे की उद्यापासून चालतच खाली जावं: ब्रागा, ङावल, घ्यारू, पिसांग. दोघंच, सावकाश. वाट सापडते का? आणि घरांत राहायला मिळतं का?

रानवारा
वाट उत्तम आहे, खुणा आहेत, लॉज आहेत. पण क्रम बदला. ङावल ३६६० वर आहे आणि घ्यारू ३६७० वर, दोन्ही मनांगपेक्षा उंच! खाली उतरतोय असं वाटेल आणि झोपाल मात्र वर. ङावलला जाताना चढही आहे. उद्या डोकं दुखत असेल तर हुमडेवरून खालच्या रस्त्याने खालचं पिसांग गाठा, ते ३२०० वर आहे. तिथे दोन रात्री काढा. बरं वाटलं की वरच्या पिसांगला जा, आणि तिथून घ्यारूचा चढ फक्त दिवसापुरता, सामान लॉजवर ठेवून. अन्नपूर्णा २ आणि ४ समोर उभी असतात. संध्याकाळी झोपायला परत खाली.

ब्रागाला मात्र मनांगहून पाऊण तासात चालत जाता येतं आणि फारसा चढ नाही. तिथली गोम्पा (बौद्ध मठ) जुनी आहे, पण पायऱ्या चढाव्या लागतात, त्या बरं वाटत असेल तरच.

तिखटमीठ
ताई, स्वतःचा आयडी काढा आता.

उनाडपाऊल
खालच्या रस्त्यावर जीपची धूळ फार असते, तोंडाला बफ (गळपट्टीसारखं कापड) ठेवा. आणि पोखऱ्याच्या हॉटेलला आजच फोन करा, बरेच जण तारीख बदलून देतात.

चहाटळ
घोड्याचा दर शेवटी किती निघाला?