विषय: २४ तारखेची बस शनिवारी रात्री की रविवारी पहाटे

१३ सप्टेंबर २०२३

मंडळी,

मोटोजीपीच्या, म्हणजे मोटरसायकलींच्या जागतिक शर्यतीच्या सहलीसाठी बसवाल्याला परवापर्यंत वेळ कळवायची आहे. ३८ नावं आली, त्यांत ११ मुलं. तिकिटं ज्याची त्याने काढलेली आहेत, तो विषय आता परत नको. प्रश्न एकच उरलाय, निघायचं केव्हा.

मोटोजीपीची मुख्य शर्यत रविवारी दुपारी साडेतीनला. त्याआधी दोन लहान वर्गांच्या शर्यती आहेत, आणि मुलांना खरं तर त्याच बघायच्या आहेत कारण त्यांत बरीच तरुण पोरं धावतात. इथून, ग्वाल्हेरहून, आग्रा १२० किलोमीटर. पुढे यमुना एक्सप्रेसवे. तो पूर्ण १६५ किलोमीटरचा आहे, पण शर्यतीचा ट्रॅक, बुद्ध सर्किट, ग्रेटर नोएडात दनकौरजवळ, म्हणजे शेवटपर्यंत जायचं नाही. मी म्हणतो शनिवारी रात्री ११ ला निघू, मथुरेच्या आसपास धर्मशाळेत पाठ टेकू आणि सकाळी ८ ला गेटवर. लवकर बोला.

दादा, जयेंद्रगंज

---

दादा,

शनिवारी २३ ला आमच्याकडे महालक्ष्म्यांचं विसर्जन आहे. फक्त आमच्याकडे नाही, यादीतल्या निम्म्या घरांत आहे. तुम्ही कॅलेंडर उघडून तारीख पाहिली, पण खालची बारीक अक्षरं पाहिली नाहीत. २१ ला आवाहन, २२ ला पूजन, २३ ला विसर्जन. शुक्रवारी सोळा भाज्या, पुरणावरणाचा स्वयंपाक, सवाष्णी. शनिवारी सुताच्या गाठी पाडायच्या, हळदीत भिजवायच्या, आरती, मग निरोप. त्यानंतर मुखवटे उतरवायचे. नथ काढताना हात थरथरतो माझा, सासूबाईंच्या सासूबाईंची आहे ती. मुखवटे जुन्या मऊ धोतरात गुंडाळून पेटीत ठेवायचे, साड्या घड्या करून, दागिने मोजून. रात्रीचे १० वाजतात. ११ ला बसमध्ये बसायचं म्हणजे देवीला घाईने उठवल्यासारखं होईल, ते मला जमणार नाही.

मुलांना घेऊन यायचं मनापासून आहे. रविवारी पहाटे निघा.

ताई, थाटीपूर

---

ताईंना अनुमोदन. आमच्या खड्याच्या गौरी, पाच खडे ताम्हनात, दुपारी बाराला सगळं आटोपतं. पण ज्यांच्या उभ्याच्या असतात त्यांचं ताई म्हणतात तसंच. माझ्या माहेरी उभ्याच्या होत्या, आई शनिवार-रविवार दोन दिवस फराळाचे डबे पोचवत फिरायची. खडे नदीवरून आणायचे असतात, हल्ली लोक कुठूनही उचलतात, हे मात्र बरोबर नाही.

वहिनी, फाळका बाजार

---

वहिनी, ग्वाल्हेरात नदीवरून खडे आणायचे तर स्वर्णरेखेवरून आणायचे का? तिथली अवस्था तुम्हाला माहीत आहे. आम्ही चंबळच्या पुलाजवळून आणतो, मुरैन्याला जाणारं कुणीतरी असतंच. हवे असतील तर यंदा तुमचेही आणतो.

काका, नई सडक

---

मंडळी, खड्यांचं नंतर बोलू.

मी २०११ ला याच सर्किटवर फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यतीला गेलो होतो, म्हणून अनुभवाचं सांगतो. ३० ऑक्टोबर, भाऊबीजेनंतरचा रविवार. तेव्हा एक्सप्रेसवे लोकांसाठी खुला झालेला नव्हता, तो ऑगस्ट २०१२ मध्ये झाला. आम्ही सहा जण गाडीने पहाटे ५ ला निघालो, मथुरा, पलवल, फरिदाबाद करत. कोसीजवळ दीड तास एका जागी. शर्यत तीनला होती. पार्किंगमधून चालत असताना सगळी इंजिनं एकदम सुरू झाली, आणि जमिनीतून काहीतरी वर येतंय असं वाटलं. तेव्हाची इंजिनं आठ सिलिंडरची, मिनिटाला १८,००० फेऱ्यांची. माझ्या धाकट्या मुलाने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तो रडायला लागला. त्याला घेऊन त्याची आई पहिला अर्धा तास गाडीत बसली. नारायण कार्तिकेयन आपल्या देशात धावत होता, १७ वा आला, आणि तिने त्याला जेमतेम पाहिला. ते मला आजही लागतं.

दोन गोष्टी सांगतो. एक, पार्किंग ते जागा चालणं फार आहे, ज्येष्ठांना धरून पाऊण तास ठेवा. दोन, कानांची सोय घरून करून न्या. वेळ पहाटेची चालेल, पण ४ च्या पुढे नको. आग्रा उजाडता उजाडता पार व्हायला हवं, नाहीतर शहरातच तास जातो.

नाना, दौलतगंज

---

नाना, मोटरसायकलींचा आवाज गाड्यांपेक्षा कमी असतो ना? माझी लेक तीन वर्षांची आहे. तिला आणू की नको हेच ठरत नाहीये.

वहिनी, डी. डी. नगर

---

डी. डी. नगर वहिनी, कमी अजिबात नाही. १००० सीसीची इंजिनं, जवळून सव्वाशे डेसिबलच्या पुढे. पण आणा, फक्त तयारीनिशी. तीन वर्षांच्या मुलीला फोमचे बोळे चालत नाहीत, कानाची वाट लहान असते आणि काढून तोंडात घालायची भीती. तिला डोक्यावरून घालायचे कानपट्टे घ्या, मऊ गादीचे. आजपासून रोज दहा मिनिटं घरात घालायला द्या, मिक्सर चालू असताना. त्या दिवशी पहिल्यांदा घातले तर ती काढून फेकेल.

मोठ्यांसाठी: बोळा बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून अर्धं मिनिट बोट तसंच ठेवायचं. नुसता कानात खोचला तर फुगून बाहेर येतो आणि लोक म्हणतात उपयोग नाही.

आणि लेकीला सर्वांत लांब सरळ रस्त्यासमोर बसवू नका. तो किलोमीटरभराचा आहे, गाडी येते आणि जाते, मान वळेपर्यंत संपतं. याच वर्षी इटलीत मुजेल्लोला मोटोजीपीचा स्वार ब्रॅड बाइंडर याने ताशी ३६६ किलोमीटरचा वेग गाठला. वळणाजवळ बसलं की स्वार गुडघा, कोपर जमिनीला टेकवून कसा झुकतो ते दिसतं. मुलांना ते कायमचं लक्षात राहील.

धाकटा, शिंदे की छावणी

---

१४ सप्टेंबर

सगळ्यांनी बसची वेळ ठरवली, रविवारच्या संध्याकाळचं कुणालाच आठवलं नाही.

२४ ला सायंकाळी ७ वाजता मंडळाच्या गणपतीपुढे मुलांचं सामूहिक अथर्वशीर्ष आहे. पत्रिका छापून वाटून झाल्या. महिनाभर मी दर शनिवारी मुलांना बसवून पाठ करून घेतलंय. १४ मुलं आहेत, त्यांतली ११ तुमच्या बसमध्ये. उरलेली तीन मुलं काय करणार? सहल ठरवताना उत्सव समितीला कुणी विचारलं का?

माई, उत्सव समिती

---

माई, चूक माझी. शर्यतीचं ठरलं जूनमध्ये, तेव्हा पत्रिका नव्हती, पण नंतर मी विचारायला हवं होतं. कार्यक्रम मंगळवारी २६ ला घेता येईल का?

दादा

---

मंगळवारी मोरोपंतांच्या आर्यांचं गायन आहे, तेही पत्रिकेत आहे. बुधवारी हळदीकुंकू. गुरुवारी अनंत चतुर्दशी. सोमवारी शाळेच्या परीक्षा आहेत म्हणून आयांनीच नको सांगितलं होतं. पत्रिकेत छापलेला कार्यक्रम या मंडळात कधी बदललेला नाही, आणि माझ्या हातून बदलला जाऊ नये असं मला वाटतं.

माई

---

माई, मी तुमच्या हाताखाली अथर्वशीर्ष शिकलो, म्हणून थोडं धाडस करतो. बस संध्याकाळी ७ ला परत येणं शक्य नाही. शर्यत सव्वाचारच्या सुमारास संपेल, पार्किंगमधून निघायला ६, ग्वाल्हेरला लष्कर भागात पोचायला मध्यरात्र. शिवाय ग्रेटर नोएडातच त्याच दिवसांत उत्तर प्रदेशचा आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा आहे, २१ ते २५. दोन्हीकडची गर्दी एकाच रस्त्यांवर.

मोटोजीपी भारतात पहिल्यांदा येतेय. फॉर्म्युला वन तीन वर्षं आली, २०११, १२ आणि १३, तिन्ही वेळा जर्मनीचा वेटेल जिंकला, आणि मग कराच्या वादात बंद पडली. उत्तर प्रदेश सरकारने तिला खेळ न मानता मनोरंजन धरलं. नानांच्या धाकट्या मुलाने पुढच्या वर्षी परत जाऊ म्हणत दोन वर्षं घालवली आणि मग शर्यतच राहिली नाही. म्हणून यंदाची सोडवत नाही.

धाकटा, शिंदे की छावणी

---

माझा धाकटा आता २१ वर्षांचा आहे आणि या बसमध्ये त्याचं नाव आहे. तो म्हणतो या वेळी कानावर हात ठेवणार नाही.

नाना

---

जेवणाचं कोण बघतंय? महालक्ष्म्यांच्या पुरणपोळ्या शिल्लक असतात, त्या दोन दिवस सहज टिकतात. सोबत दशम्या आणि कोरडी चटणी. दही-भात नको, सप्टेंबरच्या उकाड्यात आंबेल. आत डबा नेऊ देतात की नाही यावर घासाघीस नको, पार्किंगमध्ये बसमध्येच जेवून आत जाऊ. मीठ-साखरेचं पाणी मात्र प्रत्येकाने भरपूर प्या, तिथे सावली कमी असते.

वहिनी, फाळका बाजार

---

फाळका बाजार वहिनी, दशम्या आमच्याकडून. ६० पुरेत का?

काका, नई सडक

---

१५ सप्टेंबर

माई, रात्रभर विचार केला.

बस मंडळाच्या दारातून निघते. पहाटे ४ ला निघायचं, मुलं साडेतीनला तिथे येणारच. गणपतीपुढे साडेतीनला अथर्वशीर्ष म्हणून मगच बसमध्ये चढलं तर? सगळी १४ मुलं, न येणारी तीनही. माझा मोठा म्हणाला, आई, अंधारात समई लावून म्हणू. संध्याकाळी ७ चा कार्यक्रम पत्रिकेप्रमाणेच राहील, त्यात ती तीन मुलं आणि न जाणाऱ्या घरांतल्या सासवा-सुना म्हणतील. माझ्या सासूबाई येत नाहीयेत, त्या म्हणतील.

महालक्ष्म्यांचं सगळं उरकून मी रात्री दोन तास झोपेन, ते चालेल मला.

ताई, थाटीपूर

---

ताई,

माझ्या लहानपणी आमच्या घरी मार्गशीर्षात काकड आरती पहाटे ४ ला व्हायची. वडील आधी आम्हाला थंड पाण्याने आंघोळ घालायचे. सप्टेंबरात थंडीचा प्रश्न नाही.

पण माझ्या अटी आहेत. मुलांनी आंघोळ करून यायचं. टी-शर्टवर कुठल्याही कंपनीचं चित्र असलं तरी चालेल, पण वरून उपरणं. ‘त्वं मूलाधारस्थितोऽसि नित्यम्’ इथे सगळी घाई करतात, तिथे घाई चालणार नाही. पुरोहितांशी मी बोलते, निर्माल्य आणि नैवेद्य त्या वेळेनुसार करून घेते. ४ वाजता प्रसाद हातात घेऊनच बस सुटेल, त्याआधी नाही.

माई

---

माई, ४ ला सुटेल. प्रसाद घेऊनच. बसवाल्याला कळवलं.

दादा

---

२३ सप्टेंबर, रात्री

तिकडे आज पावसाने संध्याकाळची छोटी शर्यत उशिरा झाली. सगळ्यांनी रेनकोट टाका, छत्र्या नकोत, मागच्याला दिसत नाही. आमच्या महालक्ष्म्या साडेनऊला उठल्या, नथ पेटीत आहे. झोपते.

ताई

---

२५ सप्टेंबर

सर्वांना, येऊ न शकलेल्यांसाठी लिहितो.

पहाटे साडेतीनला १४ ची १४ मुलं हजर होती. डी. डी. नगरची छोटी कानपट्टे घालूनच गणपतीपुढे बसली, काढायला तयार नव्हती. ४ वाजून ५ मिनिटांनी निघालो. आग्रा उजाडताना पार, गेटवर पावणेदहा.

उकाडा इतका होता की २४ फेऱ्यांची शर्यत २१ ची केली. इटलीचा मार्को बेझेकी जिंकला, आरामात. दुसरा खोर्खे मार्तीन, त्याच्या चामडी पोशाखाची चेन शर्यतीतच उघडली आणि त्याने चालत्या गाडीवर ती ओढून घेतली. आमच्या पट्ट्यातली सगळी मुलं एकदम ओरडली. शेवटी तो अंगातलं पाणी कमी होऊन कोसळला. फाळका बाजार वहिनींनी त्याच क्षणी सगळ्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं. बन्याया दुसऱ्या क्रमांकावर असताना पडला. तिसरा क्वार्तारारो.

नाना उभे राहून बघत होते, त्यांचा धाकटा शेजारी. दोघांनीही बोळे घातले होते.

बसमध्ये एक स्टीलचा डबा राहिलाय, तीन कप्प्यांचा, झाकणावर आडनाव कोरलेलं अर्धवट पुसलंय. आत पुरणपोळीचे दोन तुकडे आहेत. माझ्याकडे आहे, संध्याकाळच्या आरतीला घेऊन येतो.

दादा, जयेंद्रगंज

---

तो डबा आमचा. तुकडे टाकून देऊ नका.

काका, नई सडक