मदत हवी आहे: जावास्क्रिप्टचं गेटर-सेटर क्रोममध्ये चालतंय, आयई (इंटरनेट एक्स्प्लोरर) ११ मध्ये नाही

नमस्कार मंडळी, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला ऑर्डरचं पान करून दिलंय, त्यात डझन आणि दर भरले की रक्कम गेटरमधून (आकडा वाचताना आपोआप चालणारं फंक्शन) निघते आणि डझनच्या सेटरमध्ये (आकडा भरताना चालणारं) मायनस आकडा अडवलाय, बास एवढंच. क्रोम, फायरफॉक्समध्ये मस्त चालतंय. पण तिथल्या हापिसात विंडोज ७ च्या पीसीवर आयई ११ मध्ये उघडलं की गेटरच्या ओळीवर "एक्स्पेक्टेड कोलन" आणि पुढचं सगळं ठप्प. ट्राय-कॅच (चूक पकडायची सोय) लावलं, उपयोग शून्य. मग गेटर लावायची दुसरी पद्धत, ऑब्जेक्ट डॉट डिफाइनप्रॉपर्टी, वापरून बघितली तर म्हणतंय ही मेथडच सपोर्ट नाही. आणि गंमत म्हणजे माझ्या लॅपटॉपवरच्या आयई ११ मध्ये तेच पान व्यवस्थित!

क्रोम वापरा असं सांगू नका राव, बारकोड लेबल छापायचं जुनं अॅक्टिव्हएक्स (आयईमध्ये चालणारा जोड-प्रोग्राम) आहे, ते आयईशिवाय हलत नाही. सगळ्या गेटरची साधी फंक्शनं करू का? लई ठिकाणी वापरलेत.

प्रतिसाद:
थांबा, कोड मोडू नका. गेट-सेट २००९ च्या ईएस५ (जावास्क्रिप्टची आवृत्ती) मध्ये आलं, आयई ९ पासून चालतं. ट्राय-कॅचचं म्हणाल तर चूक पार्स करतानाच, म्हणजे ब्राउझर कोड वाचतानाच लागते, कोड चालायलाच लागत नाही तर कॅच काय करणार. तिथं एफ१२ दाबून डॉक्युमेंट मोड (आयई कुठल्या आवृत्तीसारखं वागतंय ते) बघा. आणि पान कुठल्या पत्त्यानं उघडतात?

धागाकर्ता:
मोड ७ दिसतोय!! ते लोक नुसतं सर्व्हरचं नाव टाकतात, मी आयपी टाकतो.

प्रतिसाद:
मग तेच. टिंब नसलेलं नाव आयई इंट्रानेट (हापिसातलं आतलं नेटवर्क) धरतं आणि इंट्रानेटची पानं आपसूक कम्पॅटिबिलिटी व्ह्यूमध्ये उघडतं, म्हणजे नाव ११ चं, वागणूक ७ ची. हेडमध्ये सगळ्यात वर एक्स-यूए-कम्पॅटिबलचा मेटा टॅग टाका, कंटेंट आयई=एज, म्हणजे सगळ्यात नवा मोड. पानाच्या पहिल्या ओळीत डॉक्टाइप आहे ना तेही बघा. मोड ८ ठेवून भागणार नाही, त्यात डिफाइनप्रॉपर्टी फक्त डॉमवर (पानावरच्या घटकांवर) चालतं, साध्या ऑब्जेक्टवर एरर. आणि हौसेनं क्लास लिहून त्यात गेटर टाकू नका, क्लास आयई ११ ला पण कळत नाही.

धागाकर्ता:
झालं मालक! मोड ११ आला, रक्कम पण येतीय. लेबल छापून बघायचं राहिलंय.

आणखी एक प्रतिसाद:
पीसी बदलायला निघाले की मायक्रोसॉफ्ट एज ब्राउझरमधला आयई मोड चालू करून द्या, अॅक्टिव्हएक्स त्यात चालतं.