२५ हजारांत जुना मेकॅनिकल क्रोनोग्राफ: सेइको ६१३९, पोल्योत ३१३३ की सराफाकडचा ‘स्विस’?

बर्डीचा_काटा:

नमस्कार मंडळी. जुना क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ) घ्यायचा आहे, चावीचा किंवा ऑटोमॅटिक, कोणताही चालेल. एकूण २५,००० रुपये, सर्व्हिसिंग त्यातच. रोजचं घड्याळ वेगळं आहे, हे आठवड्यातून दोन-तीनदा हातात राहील. सध्या तीन नग पाहून राहिलो:

१. सेइको ६१३९-६००२, पिवळी डायल, मुंबईचा ऑनलाइन विक्रेता, १४,५००. ‘फुल सर्व्हिसिंग झालंय’ म्हणतो. फोटोत एकदम नवं दिसतं.

२. रशियन पोल्योत ३१३३, परदेशातून, शिपिंग धरून १८,०००. कस्टम्स वेगळं.

३. इथे नागपुरात, इतवारीत एका सराफाकडे १८ कॅरेटचा, डायलवर ‘क्रोनोग्राफ स्विस’, कंपनीचं नाव नाही. भाव अजून ठरला नाही, पण वरचं बटण दुसऱ्यांदा दाबलं की काट्याला काहीच होत नाही, म्हणून ‘बिघाड आहे, कमी करून देतो’ म्हणाला.

यातलं कोणतं? आणि हातात घेतल्यावर नेमकं काय तपासायचं?

शून्यावर_या:

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे बहुधा बिघाडच नाही. अशा बिननावाच्या ‘क्रोनोग्राफ स्विस’मध्ये बरेचदा लँडेरॉन ४८ किंवा त्याच घराण्यातलं मशीन असतं. त्यात वरचं बटण फक्त सुरू करतं. खालचं एकदा दाबलं की थांबतं, पुन्हा दाबलं की शून्यावर येतं. वरच्या बटणाने थांबवायची सोय त्यात ठेवलेलीच नाही. लँडेरॉन ४८ हे १९३७ पासून १९७० पर्यंत निघालं, कॉलम व्हीलऐवजी (सुरू-थांब सांभाळणारं खांबांचं चाक) कॅमवर (त्याच कामाचा साधा भाग) चालतं आणि तासाला १८,००० ठोक्यांचं आहे. मागचं झाकण उघडून बॅलन्सजवळ (मागेपुढे झुलणारं चाक) नंबर बघा, म्हणजे खात्री होईल.

म्हणून घ्यायचं का? माझं मत, नाही. या सोन्याच्या केस पातळ पत्र्याच्या असतात. पट्टा अडकतो ते लग आतून पोकळ, सहज चेपतात, आणि चेपलेले सरळ करताना फाटतात. सराफ मशीन, काच, डायलसकट तोलून भाव सांगत असेल तर तिथेच उठा. आणि घेतल्यावर सर्व्हिसिंगचा खर्च उरतोच.

आता सेइको. ६१३९ हे १९६९ चं मशीन, जगातल्या पहिल्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफांपैकी एक. कॉलम व्हील आणि व्हर्टिकल क्लच (क्रोनो उभ्या दाबाने जोडणारा) दोन्ही, २१,६०० ठोके. या पैशात इतकं चांगलं यंत्र दुसरं मिळत नाही, हे मान्य. पण आपल्याकडे ‘नव्यासारखं’ ६१३९ म्हणजे बहुतेक वेळा नवी छापलेली डायल, नवे काटे, नवी आतली रिंग आणि धुऊन कसंबसं जोडलेलं मशीन. जगभरचे संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, ते उगाच नाही. एवढं लिहून मागवा: मागच्या झाकणाचा फोटो, झाकण उघडून रोटरवरच्या (ऑटोमॅटिकमधलं फिरणारं वजन) अक्षरांचा फोटो, आणि डायलच्या खालच्या काठावर, ६ च्या दोन्ही बाजूंना असलेल्या बारीक कोडचा फोटो. तीन फोटो द्यायला का-कू केली तर पुढे जाऊ नका.

सीरियल वाचायची सोपी रीत: सहा आकड्यांत पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. १ ते ९ महिने सरळ, ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. ६४ ने सुरू होत असेल तर एप्रिल १९७६.

बर्डीचा_काटा:

फोटो आले. झाकणावर ६१३९-६००२, सीरियल ६४ ने सुरू. रोटरवर ६१३९बी, १७ ज्वेल (आतले माणकाचे खडे). डायलवर मात्र ‘स्पीड-टायमर’ आणि २१ ज्वेल लिहिलंय. काठावरचा कोड दिसतच नाही. विक्रेता म्हणतो, घासला गेला असेल.

शून्यावर_या:

काठावरचा कोड काचेखाली आणि रिंगखाली असतो, तो घासला जाईल कसा? डायल पुन्हा छापली आहे. ‘स्पीड-टायमर’ आणि २१ ज्वेलवाली डायल जपानच्या देशी बाजारातली. ६००२ हा निर्यातीचा नग, त्यावर ‘क्रोनोग्राफ ऑटोमॅटिक’ असायला हवं, आणि मशीन १७ चं आहे. म्हणजे छापणाऱ्याने नक्कल केली तीही चुकीच्या डायलची. भिंगातून मिनिटांच्या छोट्या डायलकडे बघितलंत तर बारीक गोल रेघांऐवजी सपाट रंग दिसेल.

घड्याळ म्हणून ते चालेलही. पण १४,५०० हा मूळ डायलवाल्याचा भाव आहे. खऱ्या डायलला अर्धशतकात थोडे डाग पडलेच पाहिजेत, काट्यांवरचा चमकणारा रंग पिवळटलेला असतो. असा डागाळलेला, न उघडलेला नग शोधा.

टिकटिक_महाल:

दोन नंबरबद्दल लिहितो, कारण या बजेटमध्ये माझा कौल त्यालाच आहे.

३१३३ हे मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्याचं, वाल्यू ७७३४ वर बेतलेलं, यंत्रसामग्रीसुद्धा स्वित्झर्लंडमधून विकत घेतलेली. १९७६ पासून निघालं. चावीचं, २३ ज्वेल, २१,६०० ठोके. सेकंद ९ वर, ३० मिनिटांची मोजणी ३ वर, तारीख ६ वर. कॅमवाला क्रोनोग्राफ असल्यामुळे आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं आणि कारागिराला समजतं. ६१३९ मध्ये क्लच बंद डब्यात असतो, तिथे चूक झाली की नवीन मशीनच शोधावं लागतं.

एक सावधगिरी: ७७३४ चे सगळे सुटे भाग ३१३३ ला बसत नाहीत. मूळचं १८,००० ठोक्यांचं होतं, रशियनांनी २१,६०० केलं, त्यामुळे बॅलन्सच्या बाजूचं बरंच काही वेगळं आहे. कोणी ‘स्विसचा पार्ट टाकतो’ म्हणाला तर क्रोनोग्राफच्या पट्टीबद्दल बोलतोय की बॅलन्सबद्दल, ते विचारा.

भेसळ इथेही आहे. ‘ओकेआन’ आणि ‘श्तुरमान्स्की’ नावाच्या डायली नव्याने छापून साध्या ३१३३ मध्ये घालतात, कारण एक नौदलाची, एक हवाई दलाची, आणि नावाला भाव जास्त. २५ हजारांत तिकडे बघूच नका. साधी ‘पोल्योत’ लिहिलेली नव्वदच्या दशकातली निर्यातीची डायल घ्या, तिची नक्कल करून कोणाला काही मिळत नाही. डायलवर ‘सोव्हिएत संघ’ आणि झाकणावर ‘रशिया’ असं असेल तर दोन घड्याळांचं एक केलंय.

विक्रेत्याकडून सलग एकच व्हिडिओ मागा, काटछाट न केलेला: क्रोनो सुरू, ३२ मिनिटं चालू, थांबवला, शून्यावर आणला, मग लागोपाठ ५ वेळा सुरू-थांब-शून्य. ३२ का, तर ३० मिनिटांचा काटा ३० वरून परत पहिल्या घरात जातो, तिथेच जुनी घड्याळं अडकतात.

त्यात काय बघायचं:

सुरू करताना काटा किंचित उडी मारतो. ३१३३ मध्ये दातात दात बसतो म्हणून ते चालतं. ६१३९ च्या व्हर्टिकल क्लचमध्ये मात्र उडी नको.

चालताना काटा थरथरत असेल तर मधल्या चाकावर हलका दाब ठेवणारी पातळ स्प्रिंग हरवली आहे किंवा वाकली आहे. हा छोटा खर्च.

क्रोनो सुरू केल्याबरोबर घड्याळच बंद पडत असेल तर दोन शक्यता. एक, तेल वाळलंय आणि ताकद पुरत नाही. दुसरी वाईट: कोणीतरी एक्सेंट्रिक स्क्रू (दात किती खोल बसतात ते ठरवणारे) फिरवून दात जास्त खोल बसवलेत. उलट दात उथळ बसले तर काटा मध्येच घसरतो. झाकण उघडल्यावर हे स्क्रू खरडलेले दिसले की समजायचं, आधी कोणीतरी हात मारला आहे. सगळ्या मशीनमध्ये हेच स्क्रू सर्वांत आधी बिघडवले जातात, कारण ते फिरवायला सोपे दिसतात.

शून्यावर येताना काटा दर वेळी त्याच जागी, समजा २ सेकंद पुढे, थांबत असेल तर काटा चुकीचा दाबून बसवलाय, पाच मिनिटांचं काम. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर काट्याची नळी सैल आहे किंवा काटा शून्यावर ढकलणारा हॅमर झिजलाय. तो नग सोडा.

आणि चालू असताना शून्याचं बटण दाबू नका, कोणी ‘बघा किती मजबूत’ म्हणून दाबून दाखवत असेल तरी. सिटिझन ८११० फ्लायबॅक आहे (चालू असतानाच शून्यावर आणायची सोय), तिथे चालतं, पण ते चांगल्या अवस्थेतलं या पैशात येणार नाही.

सेकंडहँड_सदर:

दोघांपैकी कोणी सर्व्हिसिंगचा हिशेब मांडला नाही. २५ मधले ७-८ हजार बाजूला काढा आणि १७ च्या वर घड्याळावर खर्च करू नका. मग १८ चं पोल्योत अधिक कस्टम्स बसत नाही. पार्सलवर किंमत कमी लिहायला सांगून वाचवू नका. हरवलं किंवा फुटलं तर विमाही तेवढाच मिळेल, आणि कस्टम्सला शंका आली की पार्सल अडकून राहील.

‘जुनंच हवं’ असा हट्ट नसेल तर सीगल एसटी१९०१ वाला नवा ‘१९६३’ बघा. टिएनजिनच्या कारखान्याने १९६१ मध्ये व्हीनस १७५ ची यंत्रं विकत घेतली, त्याच घराण्याचं मशीन. कॉलम व्हील, चावीचा, नवा कोरा.

टिकटिक_महाल:

नवा कोरा म्हणजे प्रश्नाचं उत्तर नाही ना, भाऊ. ते जुन्यासारखं दिसणारं नवं घड्याळ झालं. पण हिशेबाचा मुद्दा बरोबर. ३१३३ देशातच हात बदललेला मिळाला तर १५-१६ मध्ये थांबा.

बर्डीचा_काटा:

सीगल नको, जुनंच पाहिजे. समजा भारतातच ६१३९ किंवा ३१३३ मिळालं. नागपुरात कोणाकडे द्यायचं हे कसं ठरवू? बर्डीच्या गल्ल्यांत आणि महालात दुरुस्तीवाले बरेच आहेत, सगळेच ‘हो, करून देतो’ म्हणून राहिले.

शून्यावर_या:

नाव विचारू नका, प्रश्न विचारा. पहिला: ‘६१३९ चं क्रोनोग्राफ व्हील धुऊन तेल देता का?’ ‘हो’ आलं की नमस्कार करून निघा. त्या क्लचमध्ये तेल गेलं की तो घसरतो, आणि तो भाग उघडून दुरुस्त करायचा नाहीच. दुसरा: ‘टाइमग्राफर (चाल मोजायचं यंत्र) आहे का, क्रोनो बंद आणि चालू असे दोन्ही आकडे द्याल का?’ ३१३३ सारख्या आडव्या क्लचच्या मशीनमध्ये क्रोनो चालू केल्यावर ॲम्प्लिट्यूड (बॅलन्सचा झोका) २० ते ४० अंशांनी खाली येणं ठीक. चालू असताना २०० च्या खाली गेलं तर काम पूर्ण झालेलं नाही. लिफ्ट अँगल (झोका मोजायला यंत्रात भरायचा आकडा) त्या मशीनचा घातला का तेही पाहा, यंत्र स्वतःहून ५२ धरतं.

तिसरा: ‘मेन स्प्रिंग नवी घालणार का?’ पेट्रोलमध्ये बुडवून वरून तेल सोडणं म्हणजे सर्व्हिसिंग नाही. पूर्ण सुटं करून धुणं, झिजलेलं बदलणं, ठरावीक जागीच ठरावीक तेल, एवढं असेल तर दोन-तीन आठवडे लागतात. ‘संध्याकाळी न्या’ म्हणणाऱ्याकडे सेल बदला.

६१३९ घेतलंच तर क्लच घरीच तपासा. फोनचं स्टॉपवॉच आणि घड्याळाचं एकदम सुरू करा, १० मिनिटांनी थांबवा. रोज १ मिनिट मागे पडणारं घड्याळसुद्धा १० मिनिटांत अर्ध्या सेकंदापेक्षा कमी चुकतं. म्हणून क्रोनोचा काटा ३-४ सेकंद मागे आणि तास-मिनिट मात्र बरोबर, असं दिसलं तर क्लच घसरतोय. शिवाय ६१३९ ला चावी देता येत नाही, हातात घेऊन अर्धा मिनिट हलवूनच सुरू करायचं. चावी फिरवली की आतली रिंग फिरायला हवी; बऱ्याच नगांत ती फिरत नाही, तिला फिरवणारा दातांचा छोटा भाग झिजलेला असतो. चावी अर्धी दाबली की तारीख, पूर्ण दाबली की वार. रात्री ९ ते पहाटे ४ च्या मध्ये हे करू नका.

सेकंडहँड_सदर:

जुने गॅस्केट (पाणी अडवणाऱ्या रबरी रिंग) कडक किंवा चिकट झालेले असतात, बदलायला सांगा, बटणांचेही. बटणं अडकतात ती निम्मी घाण आणि वाळलेल्या गॅस्केटमुळे. झाकणावर ‘वॉटर रेझिस्ट’ असलं तरी पावसाळ्यात घालू नका. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, ४५ अंशांत बंद गाडीत घड्याळातलं तेल जागा सोडतं.

आणि कोणी एचएमटी पायलट ‘क्रोनोग्राफ’ म्हणून दाखवलं तर ते तीन काट्यांचं साधं घड्याळ आहे. ज्या घड्याळात छोट्या डायलींत वार आणि तारीख दिसते आणि बाजूची बटणं फक्त तेच सरकवतात, तोही क्रोनोग्राफ नाही.

बर्डीचा_काटा:

तर मुंबईचा नग सोडला. पुण्यात एकाकडे ३१३३ आहे, १५,०००, डायल थोडी डागाळलेली, काच ओरखडलेली. ३२ मिनिटांचा व्हिडिओ मागितला, तयार झाला.

टिकटिक_महाल:

ओरखडे काढता येतात, काच ॲक्रिलिक आहे. पॉलिशची पेस्ट आणि सुती कापड घेऊन १० मिनिटं घासा, खोल असेल तर आधी २००० नंबरचा पॉलिश पेपर. डाग मात्र पुसायला जाऊ नका, छपाईही निघते. व्हिडिओत झाकण उघडलेला एक भाग असू द्या, त्यात एक्सेंट्रिक स्क्रूंच्या खाचा आणि बॅलन्सजवळचा ३१३३ चा शिक्का दिसला पाहिजे. मगच ॲडव्हान्स द्या.