शब्दचर्चा : शिलावर्तुळ, चक्रव्यूह, रिंगण

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातल्या बोरामणीच्या माळावरच्या दगडी रचनेसाठी जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचंय. कुणी ‘शिलावर्तुळ’ लिहा म्हणतं, कुणी ‘महापाषाण’. नेमकं काय लिहू?

उत्तर : ताई, ‘दगडी चक्रव्यूह’ लिहा. शिलावर्तुळ म्हणजे दफनाभोवती मांडलेलं मोठ्या धोंड्यांचं कडं. ती विदर्भात बघावीत: जुनापाणी, माहूरझरी, नायकुंड. जुनापाणीला अशी शेकडो वर्तुळं आहेत आणि काही धोंड्यांवर वाटीएवढे खळगे ओळीने कोरलेत. बोरामणीला लहान दगड जमिनीवर रचून एकात एक १५ फेरे केलेत. रचनाच वेगळी.

‘महापाषाण’, म्हणजे अशा मोठ्या धोंड्यांच्या रचना, हा शब्द तर इथे नकोच. त्या शब्दातला पाषाण वाचून लोक थेट अश्मयुगात जातात. विदर्भातली ही वर्तुळं लोहयुगातली आहेत. माहूरझरीच्या दफनांत लोखंडी हत्यारं आणि घोड्याला घालायचे तांब्याचे अलंकार सापडले, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी.

दुसरं उत्तर : गावात वाचून दाखवायचं असेल तर ‘दगडांचं रिंगण’ का नको? पटकन कळतं.

पहिलं उत्तर : गावात जरूर म्हणा, गोड शब्द आहे. पण आपल्या जिल्ह्यात रिंगण म्हटलं की वारीत अकलूजला धावणारा अश्वच डोळ्यांपुढे येतो, म्हणून अर्जात नको.

अर्जात खरं वजन आहे ते ‘संरक्षित’ या शब्दाला. जतन तुम्ही-आम्हीही करू शकतो. संरक्षित व्हायला राजपत्रात अधिसूचना निघावी लागते. १९५८च्या केंद्रीय कायद्यात ‘प्राचीन स्मारक’ म्हणजे फक्त देऊळ-किल्ला नव्हे, ऐतिहासिक किंवा पुरातत्त्वीय महत्त्वाची, निदान शंभर वर्षं जुनी कुठलीही रचना, दफनभूमीसुद्धा त्यात बसते. केंद्राचं संरक्षण मिळालं की भोवतालच्या १०० मीटरांत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. राज्याचा कायदा १९६०चा. ‘वारसा स्थळ म्हणून विकास करावा’ असं मात्र कृपा करून लिहू नका. विकास म्हटला की फरशी, कठडे आणि जेसीबी येतो, आणि हे दगड जमिनीत रोवलेलेसुद्धा नाहीत. ‘आहे त्या स्थितीत संरक्षित स्मारक घोषित करावे’, एवढंच स्पष्ट लिहा.

प्रश्नकर्ती : धन्यवाद सर. गट क्रमांक टाकू का?

पहिलं उत्तर : हो, टाकाच. एक प्रत राज्य पुरातत्त्व विभागाला द्या, जमीन वनखात्याची असेल तर दुसरी त्यांना. आणि पोच घ्यायला विसरू नका.