जुनी चेनसॉ दुरुस्त करावी की सरळ बॅटरीची घ्यावी?

पानशेतकर

वेल्ह्याकडे आमची थोडी जमीन आहे. तिथं वडिलांनी घेतलेली जर्मन बनावटीची पेट्रोल चेनसॉ कित्येक वर्षं बंद पडून होती. पुण्यात दोन दुकानांत दाखवली, दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं: "भंगारात द्या आणि बॅटरीची घ्या." मी ती घरी खोलली, आणि या पावसाळ्यात आडवी झालेली सुबाभूळ तिनंच कापली. माझं मत ठाम आहे. क्रँककेस, म्हणजे इंजिनचा खालचा डबा, शाबूत असेल आणि पिस्टन खरवडलेला नसेल, तर असं मशीन भंगारात घालू नये.

आधी सायलेन्सर काढा आणि आतल्या खिडकीतून टॉर्च मारा. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर विषय संपला. इथं पिस्टन स्वच्छ होता, कारखान्यातल्या बारीक आडव्या रेषासुद्धा दिसत होत्या. मग स्टार्टरच्या दोरीला धरून मशीन लटकवलं. ते धाडकन खाली न येता अडत अडत उतरलं, म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आहे. खरा दोष कार्बोरेटरमध्ये निघाला. त्यातला डायफ्राम, म्हणजे पेट्रोल किती जाईल ते ठरवणारा पातळ पडदा, बोटानं दाबला की लवला पाहिजे, हा पापडासारखा कडक झालेला. पेट्रोलच्या नळीचे तर हातातच तुकडे झाले. डायफ्रामचं किट, नळी, फिल्टर आणि प्लग, एवढंच बदललं. नव्या मशीनच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

बॅटरीच्या हत्यारांचं असं होत नाही. मोटर ठणठणीत असते, पण बॅटरी मेली आणि त्या बनावटीची मिळेनाशी झाली की सगळं हत्यारच अडगळीत जातं. मकिता कंपनीची १८ व्होल्टची बॅटरी त्यांच्याच ४० व्होल्टच्या हत्याराला बसत नाही. कंपनी एकच, तरी ही तऱ्हा.

रंधा

पूर्ण असहमत. धायरीत माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे आणि हत्यारं रोज हातात असतात. दादा, डायफ्रामबद्दल एवढं सविस्तर लिहिलंत, पण या मशीनला चेन ब्रेक आहे का? बऱ्याच जुन्या मशीनना पुढे नुसती दांडी असते. ती हाताला आडोसा देते, चेन थांबवत नाही.

चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येतं. हे इतकं झटकन होतं की ताकद आणि अनुभव दोन्ही उपयोगी पडत नाहीत. ब्रेक असेल तर त्या झटक्यानं चेन जागच्या जागी थांबते. आता बॅटरीच्या बऱ्याच मोठ्या चेनसॉनासुद्धा ब्रेक येतो. वडिलांची आठवण म्हणून मशीन जपा, त्याचा मान ठेवा, पण त्यानं लाकूड कापू नका.

पानशेतकर

ताई, तुमचा मुद्दा झाडावर चढून कापणाऱ्यांना लागू आहे. मी फक्त जमिनीवर पडलेलं खोड कापतो, तेही बूट, जाड पँट आणि चष्मा घालून. कंबरेच्या वर मशीन नेत नाही.

आणि जरा ताकदीचा हिशेब करू. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ९० वॉट-तास. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे शंभरपट. चेनसॉचं टू-स्ट्रोक इंजिन त्यातली बहुतेक उष्णतेत घालवतं, तरी लिटरभर पेट्रोल अशा दहा बॅटऱ्यांना भारी पडतं. वेल्ह्याला पावसाळ्यात लाइट गेली की कधी येईल याचा नेम नाही. मग चार्जर कुठं लावायचा?

भोसरीचा फिटर

मी दोन्ही प्रकारची मशीन दुरुस्त करतो म्हणून लिहितो.

पानशेतकर, काम चांगलं केलंय, पण क्रँकचे ऑइल सील, म्हणजे त्याच्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्या, पाहिलेत का? तुमच्या लिहिण्यात त्यांचा उल्लेख नाही. इतकी वर्षं पडून राहिलेल्या मशीनचे सील सुकलेले असतात. मग बाहेरची हवा क्रँककेसमध्ये शिरते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं, म्हणजे वंगणही कमी. मशीन सुरुवातीला झकास पळतं, नेहमीपेक्षा जास्तच, आणि माणूस खूश होतो. मग एके दिवशी पिस्टन आत अडकून बसतो. ओळखायचं कसं? आयडलवर (ट्रिगर न दाबता) ठेवून मशीन या कुशीवरून त्या कुशीवर वळवा. आवाज चढत-उतरत असेल किंवा ट्रिगर सोडल्यावर वेग लगेच खाली येत नसेल, तर वापर थांबवा आणि सील बदला. ते स्वस्त असतात, बसवायला मात्र हात लागतो.

दुसरं पेट्रोलचं. आता पंपावर सरसकट २० टक्के इथेनॉलवालं मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या काळचं रबर खातं. जुन्या पुस्तिकेत पेट्रोल-ऑइलचं प्रमाण २५:१ लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला ४० मिली ऑइल. आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलवर नवी मशीन ५०:१ ला, म्हणजे २० मिलीला चालतात. कमी ऑइल घालून वाचवायला जाऊ नका. लागेल तेवढंच मिश्रण करा, काम झालं की टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत मशीन चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो.

आणि ब्रेकच्या बाबतीत ताई बरोबर आहेत. जमिनीवर कापतानाही पट्टीचं टोक पलीकडच्या ओंडक्याला लागतं, आणि उसळी बहुतेक वेळा तिथंच बसते.

रंधा

फिटरदादा, आभार.

शंभरपटीच्या हिशेबाबद्दल बोलते. घरगुती माणसाला लिटरभर पेट्रोलचं काम असतंच कुठं? आमच्या सोसायटीत गुलमोहराची फांदी रात्री पार्किंगमध्ये पडली. मी ३६ व्होल्टची चेनसॉ आणली, बटण दाबलं, कापलं आणि वाट मोकळी केली. दोऱ्या ओढणं नाही, धूर नाही, वरच्या मजल्यावर झोपलेल्या आजोबांची तक्रार नाही. पेट्रोल मशीन चेन फिरत नसतानाही कानठळ्या बसवतं. बॅटरीचं ट्रिगर सोडलं की शांत, बाजूचा माणूस "थांब" म्हणाला तर ऐकू येतं. सुरक्षिततेत याचाही हिशेब धरायला हवा.

शिवाय वीज ही काही कालची फॅशन नाही. श्टिल या जर्मन कंपनीची १९२६ सालची पहिली चेनसॉ विजेवरच चालायची, पेट्रोलची त्यानंतर आली.

(उभ्या झाडाची फांदीसुद्धा स्वतःच्या मनानं छाटायची नाही. १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. चेनसॉ घरात आली की लोक हे विसरतात.)

सहकारनगर

माझा प्रश्न छोटा आहे. फ्लॅटमध्ये राहतो. पडद्याचे रॉड, कपाटाच्या बिजागऱ्या आणि गावाकडे थोडी फांद्यांची कापणी. बॅटरीचं हत्यार २० व्होल्टचं घ्यावं की १८ चं? दुकानदार म्हणतो २० म्हणजे जास्त ताकद.

भोसरीचा फिटर

एकच गोष्ट आहे. आत एकापुढे एक पाच सेल जोडलेले असतात. प्रत्येकी ३.६ व्होल्ट धरले की १८, पूर्ण चार्जचे ४ च्या आसपास धरले की २०. डब्यावरचा आकडा सोडा आणि वॉट-तास बघा.

हत्यार निवडण्याआधी बॅटरी निवडा. ड्रिल, ग्राइंडर आणि करवत एकाच बॅटरीवर चालतील अशी कंपनी धरा आणि तिचं सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे ना ते बघा. ब्रशलेस मोटर घ्या, घासून झिजणारे कार्बन बदलायची कटकट नाही. पडद्याचे रॉड बीममध्ये ठोकायचे असतील तर साधं हॅमर ड्रिल रडवेल. तिथं एसडीएसवालं (खाचेच्या बिटाचं) रोटरी हॅमरच हवं, आणि ते वायरचं घेतलंत तरी चालेल. एप्रिलच्या उन्हात बॅटरी गाडीच्या डिकीत ठेवू नका. महिनोन्‌महिने लागणार नसेल तर अर्ध्या चार्जवर सावलीत ठेवा.

पानशेतकरांच्या तक्रारीत तथ्य आहे. पॅकमधले सेल बदलता येतात, पण काही पॅकचं बोर्ड नव्या सेललाही चार्ज घेऊ देत नाही. हे बदलायला हवं असं मलाही वाटतं.

पानशेतकर

सील या रविवारी तपासतो. तोवर मशीन बंद.

ब्रेकवर मात्र मी अजून तुमच्या बाजूला आलेलो नाही, ताई. त्याच बनावटीच्या नंतरच्या मॉडेलला ब्रेकचं कव्हर यायचं, ते या बॉडीवर बसतं का ते शोधतोय. बसलं तर तुमचा आक्षेप उरत नाही. खोलून, समजून घेऊन, पार्ट बदलून चालवता येतं असं मशीन हातातून जाऊ द्यायला माझं मन घेत नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जुनी हत्यारं येतात, तिथं आधी बघतो.

रंधा

कव्हर मिळालं तर नुसतं बसवून थांबू नका. आतला पट्टा क्लचच्या ड्रमला नीट आवळतो का ते फिटरदादांना दाखवा. झिजलेला पट्टा असला तर ब्रेक नावालाच.

भोसरीचा फिटर

घेऊन या, बघून देतो. येताना कार्बोरेटरवर कोरलेला नंबर लिहून आणा. वॉल्ब्रो, झामा, टिलॉटसन अशा कंपन्या आहेत, प्रत्येकाचं किट वेगळं असतं. चेनही आणा. सुबाभळीवर चालवलीय म्हणजे धार गेलेली असणार. ०.३२५ इंच पिचची (कड्यांमधलं अंतर) असेल तर ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागेल. आणि पट्टीला जळकं ऑइल घालत असाल तर ते आजपासून बंद करा. त्यातला धातूचा कीस पट्टीची खाच आणि ऑइल पंप दोन्ही खातो.