प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर रिपोर्ट चांगला, पण हे घराबाहेरच पडत नाहीत

सहकारनगर_ताई:
नमस्कार. माझे यजमान ६७ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. दिवाळीनंतर प्रोस्टेट कॅन्सरसाठी ग्रंथी काढायचं ऑपरेशन झालं. परवा पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) ०.१ च्या खाली आला. डॉक्टर खूश, मुलगा खूश, नातेवाईक म्हणतात, "सुटलात बुवा!" आणि हे मात्र दिवसेंदिवस गप्प होत चाललेत.

रोज पहाटे तळजाई टेकडीवर जाणारा माणूस. आता खोकलं, शिंकलं, खुर्चीतून उठलं की लघवीचे थेंब गळतात. टेकडीचा ग्रुप खालून हाक मारतो, तेव्हा "झोपलेत म्हणून सांग" म्हणतात. बाई कामाला यायच्या आत स्वतःचे कपडे धुऊन टाकतात आणि वाळत घालतात ते बाथरूममधल्या दोरीवर, गॅलरीत नाही. पाणी प्यायचं कमी केलंय. रात्री पाठ करून झोपतात. विचारलं तर "आता माझा काय उपयोग" एवढंच. मला ते हवेत, बाकी काही नको. हे कसं पोचवू त्यांच्यापर्यंत?

कोथरूडकाका:
ताई, मी यातून गेलोय. कॅन्सर गेल्याचा आनंद असतो आणि शरीर आपल्या ताब्यात नाही याची लाजही त्याच वेळी असते. लोक "सुटलात" म्हणाले की त्या लाजेबद्दल तोंड उघडायची सोयच राहत नाही. निदान घरात तो शब्द नको.

मला आधार मिळाला तो कारण कळल्यावर. ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते. ती काढली की लघवी अडवायचं बहुतेक काम तिच्या खालच्या स्नायूवर येतं, आणि तो तयार व्हायला काही महिने, कधी वर्षही लागतं. लिंगाच्या ताठरतेच्या नसा ग्रंथीला लागूनच जातात. त्या वाचवल्या तरी सावरायला दीड-दोन वर्षं घेऊ शकतात. तोवर मी आजची अवस्था हीच कायमची धरून चाललो होतो.

टेकडी एकदम नको. मी पॅड लावून आधी कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत जायचो. नाटकाला कडेची खुर्ची, म्हणजे मध्येच उठता येतं. ग्रुपमध्ये एकाच मित्राला सांगितलं. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्याने वाट बदलली. वाटेत स्वच्छतागृह लागेल अशी. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

आणि पाठ करून झोपण्याचं. जवळ गेलो आणि पुढे जमलं नाही तर, ही भीती असते. "फक्त जवळ झोपायचंय, पुढचं काही नाही," असं स्पष्ट बोला. आमच्याकडे ते बायकोनेच बोलून दाखवलं.

फिजिओ_पुणे:
पाणी कमी करू देऊ नका. लघवी घट्ट झाली की मूत्राशय चिडतं आणि घाई वाढते. कमी करायचाच तर चहा-कॉफी करा. कीगल म्हणजे लघवी अडवणाऱ्या स्नायूंचा व्यायाम. तो करताना, गॅस अडवायला आवळतो तो स्नायू आवळायचा. पोट आणि मांड्या सैल, श्वास चालू. खोकण्याआधी, उठण्याआधी तो आवळायची सवय लावा. बरेच जण पोटच आवळत बसतात, म्हणून एकदा तज्ज्ञाकडून तपासून घ्या. वर्षभरानंतरही बरीच गळती राहिली तर त्यावर शस्त्रक्रियेचे उपाय आहेत. ताठरतेच्या गोळ्या परस्पर नकोत; हृदयासाठी नायट्रेट गटातलं औषध चालू असेल तर त्या धोक्याच्या.

कोथरूडकाका:
एक राहिलं. झोप, जेवण सुटलं किंवा "जगून काय करू" अशी भाषा आली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला थांबू नका. टेलिमानस १४४१६ हा सरकारी क्रमांक २४ तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

सहकारनगर_ताई:
तेवढी वेळ आलेली नाही, पण नंबर लिहून ठेवलाय. काका, तुमचं उत्तर त्यांना वाचायला दिलं. वाचून विचारलं, "यांना पॅड कुठलं चाललं?" ऑपरेशननंतर त्यांनी स्वतःहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न. तुम्ही फोनवर बोलाल का त्यांच्याशी?

कोथरूडकाका:
जरूर. खासगी निरोपात नंबर पाठवतो. सकाळी सातनंतर कधीही करायला सांगा.